वारशाचे नामांतर : नाग, बैल, हत्तीण आणि सार्वजनिक धोरणाची भाषा

प्रस्तावना

जुलै 2025 हा महिना सांगली, सातारा व कोल्हापूर या तीन जिल्ह्यांच्या सांस्कृतिक इतिहासात दीर्घकाळ लक्षात राहील. 11 जुलै रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या 47 व्या अधिवेशनात मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने 12 किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगड व कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा हे किल्ले आहेत. 16 जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शिरोळ तालुक्यातील नांदणी येथील जैन मठाची याचिका फेटाळली आणि मठाच्या महादेवी ऊर्फ माधुरी या हत्तिणीला गुजरातमधील जामनगर येथे हलविण्याचा मार्ग मोकळा झाला. 28 जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला व हत्तीण नांदणीहून निघाली. दुसऱ्या दिवशी, 29 जुलै रोजी, नागपंचमी होती. त्या नागपंचमीपूर्वी केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील मोजक्या व्यक्तींना जिवंत नाग पकडण्याची मर्यादित परवानगी दिली होती. परवानगीचे प्रयोजन होते शिक्षण.

एकाच महिन्यात व लगतच्या भूभागात वारशाविषयी असे तीन निर्णय झाले, आणि तिन्ही वेळा ‘वारसा’ या शब्दाचा अर्थ निराळा निघाला. किल्ल्यांच्या बाबतीत तो जगाला अभिमानाने दाखवावयाचा ठेवा ठरला. हत्तिणीच्या बाबतीत तो प्राण्याच्या हितापुढे गौण ठरला. नागाच्या बाबतीत तो ‘शिक्षण’ ठरला. यांत काही वर्षे आधीचा बैलगाडा शर्यतीचा निर्णय मिळविला तर तेथे तो देशी बैलांच्या जातींचे रक्षण म्हणून उभा राहिलेला दिसतो. संस्कृती व वारसा यांचा सार्वजनिक धोरणावर प्रभाव पडतो काय, हा प्रश्न आपल्या चर्चासत्रांतून नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर नेहमीच होकारार्थी येते. प्रस्तुत लेखात तो थोडा वेगळ्या रीतीने विचारला आहे. धोरणावर प्रभाव पाडण्यासाठी वारशाला स्वतःचे नाव टाकून द्यावे लागते काय? आणि लागत असेल, तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते?

कागदावरील सांस्कृतिक धोरण

महाराष्ट्रात संस्कृतीविषयक शासकीय विचाराला दीर्घ परंपरा आहे व तिचे काही महत्त्वाचे धागे आपल्याच परिसरातून गेलेले आहेत. आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 1960 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले. त्याचे अध्यक्षपद वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे आले व विश्वकोशाचे कार्यालय वाईतच थाटले गेले. मंडळाच्या नावातच संस्कृतीची एक व्याख्या दडलेली आहे : संस्कृती ही साहित्याची सोबतीण. ग्रंथ, कोश, अनुवाद, अनुदाने या मार्गांनी राज्यसंस्था तिच्यापर्यंत पोहोचते. पुढे 2010 साली राज्याने अधिकृत सांस्कृतिक धोरण जाहीर केले. त्याचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. आ. ह. साळुंखे होते, त्यांचा जन्म तासगाव तालुक्यातील व कर्मभूमी सातारा. या धोरणात लोकजीवनाला व वंचित घटकांना पूर्वीपेक्षा अधिक स्थान मिळाले, हे मान्यच करावयास हवे. 2024 मध्ये नव्या धोरणालाही मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली.

परंतु या साऱ्या दस्तऐवजांचा रोख एकाच दिशेचा आहे. संस्कृतीसाठी शासनाने काय करावे, हे त्यांत सांगितलेले असते. संस्कृती ही इतर खात्यांच्या निर्णयांत शिरून त्यांना वळण लावीत असते, तिथे तिची इतर मूल्यांशी झटापट होते आणि खरे निर्णय तिथेच लागतात, हा भाग त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. नाग हा वन खात्याचा विषय, बैल पशुसंवर्धनाचा, हत्तीण न्यायालयाची. सांस्कृतिक कार्य विभागाच्या दप्तरात या तिघांची कोणतीही फाईल असण्याचे कारण नाही. म्हणून संस्कृती आणि धोरण यांचा संबंध तपासावयाचा असेल तर सांस्कृतिक धोरण या शीर्षकाचे पुस्तक मिटून ठेवून वन्यजीव कायदा व प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा उघडावा लागतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे काहीसे अवघड जाते. तथापि कलमे व परंतुके हीदेखील संहिताच आहेत आणि त्यांचे वाचन इतर संहितांप्रमाणेच करता येते.

शिराळ्याचा नाग

बत्तीस शिराळ्याची कथा या जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. गोरक्षनाथ भिक्षेसाठी महाजनांच्या दारी आले. घरची गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत असल्याने भिक्षा वाढावयास उशीर झाला. नाथांनी कारण विचारले आणि जिवंत नागाची पूजा करशील का, असा प्रश्न केला. तेव्हापासून गावात जिवंत नाग पूजला जाऊ लागला, असे सांगतात. नागपंचमीच्या आधी काही दिवस गावकरी शेताबांधांवर नागाचा माग काढीत, त्याला हलक्या हाताने धरीत, मडक्यात ठेवीत, सणाच्या दिवशी अंबामातेच्या देवळात नेत, घरोघरी स्त्रिया त्याला भाऊ मानून ओवाळीत आणि नंतर त्याला रानात सोडून देत.

कथा बारकाईने पाहिली तर तिच्या मुळाशीच प्रतीक आणि प्रत्यक्ष यांचा झगडा आहे. गृहिणी प्रतीकाने समाधानी आहे. नाथ तिला प्रत्यक्षाकडे ओढतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर, विशेषतः 2014 पासून, शिराळ्याला नेमका उलटा प्रवास करावा लागला. जिवंत नागाला हात लावणे बंद झाले आणि पूजा पुन्हा मातीच्या व चित्रातील नागाकडे वळली. कायद्याने गावाला गोरक्षनाथ येण्यापूर्वीच्या क्षणी नेऊन उभे केले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

हे आदेश अनाठायी होते काय? तसे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मूळ विधीभोवती मंडळे वाढली होती. ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून मिरवणुका निघत. सर्वांत लांब नाग कोणाचा, सर्वांत उंच फणा कोणाचा, यांच्या स्पर्धा लागत. मडक्यात दिवसेंदिवस कोंडलेल्या व वाद्यांच्या गदारोळात फिरविल्या जाणाऱ्या प्राण्याच्या हालांकडे श्रद्धेच्या नावाने डोळेझाक करता येत नाही. शिवाय या स्पर्धा गोरक्षनाथांच्या कथेत कुठेच नाहीत. त्यांच्या बचावासाठी परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी परंपरा आणि तिच्यावर चढलेली पुटे यांतील भेद स्वतःहून केला असता, तर न्यायालयात जाण्याची वेळ आली असती की नाही, हा प्रश्न उरतोच.

मात्र 2025 च्या परवानगीची भाषा अधिक विचार करावयास लावते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 12 मध्ये विशेष प्रयोजनांसाठी परवाना देण्याची सोय आहे. शिक्षण, वैज्ञानिक संशोधन, वैज्ञानिक व्यवस्थापन, प्राणिसंग्रहालयांसाठी नमुने गोळा करणे आणि जीवरक्षक औषधांसाठी सर्पविष मिळविणे ही ती प्रयोजने होत. म्हणजे नागाचे विष काढण्यासाठी कायद्यात स्वतंत्र जागा आहे, नागाला ओवाळण्यासाठी नाही. याच्याशेजारी प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 चे कलम 28 ठेवून पाहावे. एखाद्या समाजाच्या धर्मानुसार आवश्यक असलेल्या रीतीने प्राण्याला मारणे हा या कायद्याखाली अपराध ठरणार नाही, असे ते सांगते. एका कायद्याने धर्मासाठी मारण्याला वाट ठेवली आणि दुसऱ्याने धर्मासाठी धरून पुन्हा सोडून देण्याला ठेवली नाही. दोन्ही कायद्यांची उद्दिष्टे वेगळी आहेत, एक पाळीव प्राण्यांविषयी प्रामुख्याने बोलतो व दुसरा वन्य प्राण्यांविषयी, हे मान्य. तरीही त्यांतील विसंगती अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. वन्यजीव कायद्यालाही रूढी अगदीच अपरिचित आहे असे नाही. निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क कलम 65 ने अबाधित ठेवले आहेत. 2022 च्या दुरुस्तीने तर मालकीचे प्रमाणपत्र असलेल्या बंदिवान हत्तीचे ‘धार्मिक किंवा अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ हस्तांतर व वाहतूक करण्यास मोकळीक दिली. हत्तीसाठी ‘धार्मिक’ हा शब्द संसदेला सापडला. नागासाठी मात्र शिक्षणाच्या दारातूनच आत यावे लागले.

माधवनगर येथील वर्गात हा विषय निघाला तेव्हा शिराळा भागातून आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, आजोबा नाग धरायचे ते अडाणीपण, आणि आता परवाना घेऊन धरला की ते शिक्षण?’’ वर्ग हसला. तो विद्यार्थी हसला नाही. प्रस्तुत लेखकाने त्या वेळी काहीतरी सावरून उत्तर दिले, पण ते त्याला पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर उत्तर देणाऱ्यालाही पटले नव्हते.

या प्रश्नात संतापापेक्षा अधिक काहीतरी आहे. ‘शिक्षण’ हे नाव घेतल्याने दोन गोष्टी घडतात. पहिली, परवानगी मिळते. दुसरी, ज्या माणसाच्या हातात ते कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या आहे त्याला आपण करीत असलेल्या गोष्टीचे खरे नाव अधिकृत कागदावर लिहिता येत नाही. मिरवणूक, खेळ व स्पर्धा यांना मनाई कायम राहिली, हे योग्यच झाले. परंतु भाऊ म्हणून नागाला ओवाळणाऱ्या स्त्रीचे त्या कागदात काय स्थान? ती शिक्षिका आहे की विद्यार्थिनी? त्या परवानगीच्या भाषेत ती कुठेच दिसत नाही, आणि शिराळ्याच्या नागपंचमीचा अर्थ तर तिच्यापासूनच सुरू होतो.

खिलार बैल आणि सहावे-सातवे कर्तव्य

बैलगाडा शर्यतीचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. 2011 मध्ये केंद्र शासनाने प्रदर्शन व खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोन्ही बेकायदेशीर ठरविल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 2017 साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे तीही थांबली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त मोकळीक दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. मधल्या काळात, 20 ऑगस्ट 2021 रोजी, आटपाडी तालुक्यातील झरे परिसरात तत्कालीन विधान परिषद सदस्य गोपीचंद पडळकर यांच्या पुढाकाराने, पोलीस बंदोबस्त व मनाई असतानाही शर्यत झाली. आपल्या जिल्ह्यातील ही घटना राज्यभर गाजली. बंदी मोडणे समर्थनीय नाही. परंतु धोरण कसे घडते याच्या अभ्यासात तिची नोंद टाळताही येणार नाही.

2014 व 2023 या दोन निकालांची तुलना साहित्यसमीक्षकाने अवश्य करावी. दोहोंच्या केंद्रस्थानी संविधानाच्या अनुच्छेद 51 क मधील मूलभूत कर्तव्ये येतात. 42 व्या घटनादुरुस्तीने 1976 साली ती घातली गेली. त्यांतील सहावे कर्तव्य संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जपण्याचे, आणि सातवे निसर्गाचे रक्षण करून प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे. दोन कर्तव्ये एकाखाली एक लिहिलेली आहेत. पण ती एकमेकांवर आदळली तर काय करावे, याविषयी तिथे एक अक्षरही नाही. 2014 च्या पीठाने सातव्याच्या बाजूने कौल दिला आणि त्यासाठी ईशोपनिषदाचा आधार घेतला. म्हणजे वारशाविरुद्ध निकाल देताना वारशाचीच साक्ष काढली. याच पीठाने, आज खेळला जाणारा जल्लीकट्टू ही तमिळ परंपराच नव्हे, असेही म्हटले. घटनापीठाने 2023 मध्ये हे शेवटचे विधान मान्य केले नाही. एखादी प्रथा संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे काय, हे ठरविण्यासाठी धार्मिक, सामाजिक व सांस्कृतिक अंगांनी सखोल अभ्यास हवा, तो न्यायालयाचे काम नव्हे. विधिमंडळाने तो प्रयत्न केला असेल तर आम्ही त्याच्या मतात ढवळाढवळ करणार नाही, असा त्याचा सूर आहे.

पहिल्या भूमिकेत न्यायाधीश संस्कृतीचे भाष्यकार होतात आणि ते धोक्याचे आहे. एखादी प्रथा जुनी नाही म्हणून ती वारसा नाही, हा युक्तिवाद सांगलीकराला तर पटूच नये. 1843 साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्यामागची प्रेरणा कानडी मुलखातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची होती. राजाश्रयातून व शेजारच्या भाषेच्या उसनवारीतून जन्मलेली ती नवी गोष्ट आज आपला सर्वांत अभिमानास्पद वारसा आहे; 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. 1851 मध्ये आप्पासाहेब वारले, आश्रय सुटला आणि मंडळी गावोगावी फिरू लागली. वारसा धोरणाला घडवितो तसेच धोरणही वारशाला घडविते, आणि कधी कधी मोडतेही.

दुसरी भूमिका नम्र आहे, म्हणून ती आकर्षक वाटते. पण तिचा परिणाम असा की वारसा म्हणजे विधिमंडळ ज्याला वारसा म्हणेल तो. विधिमंडळ संख्याबळाने चालते. बैल पुणे, सातारा, सांगली, सोलापूरपासून विदर्भापर्यंत पळतो. 2017 च्या कायद्यात बैलगाडा शर्यत, छकडी व शंकरपट ही तिन्ही स्थानिक नावे नोंदलेली आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची अट आहे आणि अटींचा भंग केल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कारावास अशी कडक शिक्षाही आहे. प्रथेला तिच्या स्वतःच्या नावाने कायद्यात जागा देणे आणि त्याच वेळी तिला शिस्त लावणे, ही गोष्ट या दुरुस्तीने साधली, हे तिचे श्रेय नाकारू नये. परंतु नाग एकाच गावाचा आहे. शिराळ्यासाठी कोणते विधिमंडळ असा खटाटोप करील?

शर्यतीच्या समर्थनाचा दुसरा आधार देशी जातींच्या रक्षणाचा. खिलार हा आपल्या दुष्काळी पट्ट्याचा बैल. आटपाडी महाल हा त्याचा नावाजलेला प्रकार आणि खरसुंडीच्या सिद्धनाथ यात्रेतील जनावरांचा बाजार त्याची जुनी उतारपेठ. ट्रॅक्टर आल्यानंतर औताला बैल लागेनासा झाला आणि शर्यत हेच तो दावणीला ठेवण्याचे एक कारण उरले, या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही पशुपैदाशीच्या दृष्टीने ते अर्धसत्यच आहे. शर्यत वेग निवडते. आदत, दुसा अशा दातांवरून पडलेल्या गटांत जो खोंड पुढे निघतो त्याची किंमत लाखांत जाते. ओढकाम करणारा साधा बैल व त्याला जन्म देणारी गाय मात्र त्या पैशाच्या वाट्याला येत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, कोणताही गाडामालक जनुकीय वैविध्यासाठी बैल पळवीत नाही. तो गुलालासाठी, गावाच्या नावासाठी आणि यात्रेच्या दिवशी चारचौघांत ताठ मानेने उभे राहता यावे म्हणून पळवितो. हे कारण त्याच्या दृष्टीने पुरेसे आहे. न्यायालयासमोर ते पुरेसे ठरणार नाही असे वाटल्यामुळेच त्याच्यावर शास्त्राचा अंगरखा चढवावा लागला.

नांदणीची हत्तीण

नांदणीविषयी थोडक्यातच लिहिणे उचित, कारण तो वाद भावनेने फार तापलेला आहे. उच्च न्यायालयासमोर हत्तिणीच्या पायांच्या व सांध्यांच्या विकारांविषयीचे अहवाल होते आणि मठाच्या धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा तिच्या चांगल्या जगण्याचा हक्क न्यायालयाने वरचा मानला. साखळीने बांधलेल्या, सिमेंटच्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या हत्तीचे हाल ज्याने पाहिले आहेत त्याला हा निष्कर्ष सहज खोडता येणार नाही. पण निकालानंतर जे घडले ते धोरणाच्या अभ्यासकासाठी अधिक बोलके आहे. कोल्हापूर, सांगली व सीमाभागातील हजारो लोक, त्यांत जैनेतरही मोठ्या संख्येने, रस्त्यावर आले. 3 ऑगस्ट रोजी नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रा निघाली. काही दिवसांतच राज्य शासनाने मठासोबत न्यायालयात जाण्याची तयारी दाखविली आणि हत्तीण ज्या केंद्रात नेली होती त्या केंद्राने नांदणी परिसरात पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे केला.

जो युक्तिवाद न्यायालयात टिकला नाही तो रस्त्यावर टिकला. यात लोकशाहीचा विजय पाहणारे आहेत, आणि कायद्याचा पराभव पाहणारेही. प्रस्तुत लेखकास त्यात एक उशीर दिसतो. मठाजवळच, मोकळ्या जागेत, पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली हत्तिणीची सोय करता येईल काय, हा प्रश्न अगदी साधा होता. तो आधी विचारला गेला असता तर श्रद्धा व प्राणिहित यांना एकमेकांसमोर उभे करण्याची पाळी कदाचित आली नसती. एका बाजूने हत्तीण आमची म्हणून दार लावून घेतले, दुसऱ्या बाजूने तिला शेकडो मैल दूर नेणे हाच एकमेव इलाज मानला. सांस्कृतिक धोरण नावाचे जे काही राज्यापाशी होते ते या दोहोंच्या मध्ये उभे राहू शकले नाही.

इरुळांचे उदाहरण आणि आपली जबाबदारी

वारशाचे नाव न बदलता त्याला धोरणात स्थान देणे शक्य असते काय? तामिळनाडूतील इरुळ जमातीचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. साप पकडणे हे त्यांचे परंपरागत काम. कातड्यांच्या व्यापारावर त्यांचा उदरनिर्वाह चाले. 1972 चा वन्यजीव कायदा व त्यानंतरची कातड्यांच्या निर्यातीवरील बंदी यांमुळे तो बंद पडला. 1978 साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या सहकार्याने इरुळ सर्पमित्रांची औद्योगिक सहकारी संस्था चेन्नईजवळ उभी राहिली. वन विभागाच्या परवान्याने ते नाग, मण्यार, घोणस व फुरसे पकडतात, विष काढतात आणि काही आठवड्यांनी साप पुन्हा रानात सोडतात. ते विष प्रतिविषाच्या निर्मितीसाठी जाते. 2023 साली वडिवेल गोपाल व मासी सदायन या दोन इरुळांना पद्मश्री मिळाली. ज्या कायद्याने त्यांचा धंदा बुडविला त्याच कायद्याच्या कलम 12 ने त्यांच्या कौशल्याला कौशल्य म्हणून ओळखले. येथे वेष पालटावा लागला नाही. अर्थात शिराळ्याचा प्रश्न जसाच्या तसा असा सुटणार नाही. इरुळांचा साप उपजीविकेचा होता, शिराळ्याचा पूजेचा आहे. पण पकडणाऱ्याच्या हाताला ज्ञान आहे, हे मान्य करण्यापासून सुरुवात दोन्हीकडे होऊ शकते.

घटनापीठाने ज्या सखोल सांस्कृतिक अभ्यासाची अपेक्षा केली तो करावयाचा कोणी? विधिमंडळाच्या ग्रंथालयात तो तयार मिळत नाही. अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीचा 2003 चा युनेस्को करार भारताने 2005 साली स्वीकारला. वारशाच्या सूची तयार करताना तो जपणाऱ्या समाजाचा सहभाग घ्यावा, असे हा करार सांगतो. त्याचबरोबर मानवी हक्क व शाश्वत विकास यांच्याशी सुसंगत असेल तेवढाच वारसा तो विचारात घेतो. शिराळ्यात नाग कसा शोधतात, कोण शोधतो, स्त्रियांच्या ओवाळणीत काय म्हटले जाते, किती दिवसांनी व कुठे सोडतात, स्पर्धा कधी व कशामुळे सुरू झाल्या, याचे समग्र दस्तऐवजीकरण न्यायालयासमोर असते तर विधी आणि तमाशा यांतील रेघ न्यायाधीशांना अधिक नेमकी ओढता आली असती. हे काम आपल्यासारख्या महाविद्यालयांचे होते. आपण वारशावर निबंध पुष्कळ लिहितो. त्यांतील बरेचसे चर्चासत्राच्या प्रमाणपत्राबरोबरच कपाटात जातात, आणि कपाट पदोन्नतीच्या मुलाखतीपुरते उघडते. प्रस्तुत लेखकही यास अपवाद नाही.

वर्गात प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला नंतर प्रकल्प म्हणून आजोबांची मुलाखत घेण्यास सांगितले. त्याने आणलेली पाने खाडाखोडीची व अशुद्ध आहेत. त्यांत पावसानंतरच्या ओल्या मातीवर सापाची रेघ कशी ओळखावी, नाग आणि धामण यांच्या बिळांत काय फरक असतो, मडक्याच्या तोंडावर कापड किती सैल बांधावे, हे आजोबांच्याच शब्दांत आहे. एके ठिकाणी आजोबांनी सांगितले आहे की ज्या बांधावरून नाग उचलला त्याच बांधावर तो सोडावा लागे. दुसरीकडे सोडला तर तो वाट चुकतो, आणि घरच्या बायका विचारीत, भाऊ घरी पोहोचला का. स्पर्धांविषयी विचारले तेव्हा आजोबा गप्प बसले, असे त्याने लिहिले आहे. पुढील दीड पान त्याने मोकळे सोडले आहे. आजोबा पुन्हा बोलतील तेव्हा ते भरावे म्हणून.